तिसाव्या पानावरची पेन्सिल

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती, ट्रंकेला पितळी कुलूप होतं आणि ट्रंकेत एक मेलेला सावकार होता. सावकाराला मीच मारलं होतं. दुसऱ्या प्रकरणात, वखारीच्या खोलीत, बाहेरून कुलूप असताना. त्याला कोणी मारलं हे मला माहीत होतं. पण ते शेवटच्या प्रकरणात असं काही सांगायचं होतं की वाचकाने तोंडात बोट घालावं, आणि तेच जमत नव्हतं. म्हणून सावकाराला घेऊन मी नगरला चाललो होतो.

मी रहस्यकथा लिहितो. महिन्याला एक, टोपणनावाने. ते नाव इथे सांगत नाही, कारण आमच्या आळीत मी अजून सज्जन समजला जातो. गुप्तहेर मकरंद हा माझा नायक. त्याला खोकला कधी होत नाही, भूक क्वचित लागते आणि खुनी मात्र दर महिन्याला सापडतो. खून मी काळ्या शाईने लिहितो आणि प्रेमाचे प्रवेश निळ्या, त्यामुळे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला मजकूर न वाचताच कळतं की पुढे काय वाढून ठेवलं आहे. धंद्यामुळे वाचनाची मात्र वाट लागली. दुसऱ्याची रहस्यकथा मी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचतो, त्याने शिवण कुठे घातली आहे ते पाहायला. उरलेल्या वेळात रेल्वेचं वेळापत्रक, विषांवरचं एक जाडजूड पुस्तक आणि वर्तमानपत्रातल्या घरफोड्या. आनंदासाठी म्हणून शेवटचं पुस्तक कधी वाचलं, ते आठवत नाही.

निघायच्या आधी प्रकाशक तात्यासाहेबांनी बोलावून घेतलं होतं. "तुमचा खुनी वाचकाला आधीच कळतो, अशी ओरड आहे," ते म्हणाले. "कागद मिळत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. जो मिळतो तो चालणाऱ्या पुस्तकावर घालायचा. या खेपेला शेवट फसला, तर मकरंद मी दुसऱ्याला देणार. एक पोरगा आहे, बँकेत असतो, टंकयंत्रावर लिहितो."

मकरंद दुसऱ्याला! मकरंद आमच्या घरातला माणूस आहे. बायको भांडताना त्याचं नाव घेऊन मला टोमणे मारते. त्याला एका टंकयंत्राच्या हवाली करायचं? त्यात आमच्या शेजारी लग्नघर आणि दिवसभर कर्णा. तेवढ्यात भिंगारच्या वसंताचं पत्र आलं: "इथे ये. परम शांतता आहे." वसंता माझा शाळेतला मित्र, लष्कराच्या कचेरीत कारकून.

एसटीत शेजारी एक पागोटेवाले गृहस्थ होते. शिक्रापूर येईपर्यंत त्यांनी माझी ट्रंक न्याहाळली, मग मला.

"काय करता?"

"लिहितो."

"कुनाच्या कचेरीत?"

"कचेरीत नाही. घरीच."

"म्हंजी सध्या रिकामेच हाय म्हना," ते कळवळून म्हणाले आणि सरकून मला जास्तीची जागा दिली. वर अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणीही दिली. मी खाल्ली. शिरूरला ड्रायव्हरने कचकन ब्रेक लावला आणि झोळीतली शाईची बाटली माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर उपडी झाली. निळी होती, म्हणजे प्रेमाची. घोडनदी ओलांडून मी नगर जिल्ह्यात शिरलो तो छातीवर हा एवढा डाग घेऊन.

वसंताने परम शांततेचं जे वर्णन केलं होतं, ते बहुधा रविवारी केलं असावं. भिंगार ही छावणी. पहाटे बिगुल, मग कवायत, मग ट्रकांची रांग, आणि दुपारी लांबच्या मैदानावर तोफांचा सराव. तोफ वाजली की वसंताच्या फळीवरचे डबे शहारायचे आणि माझा पेन कागदावर उडी मारायचा. मकरंदचा एक शांतपणे विचार करण्याचा प्रवेश मी तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा त्यात कोणीतरी दचकलं.

"सवय होते रे," वसंता म्हणाला. वहिनींनी मात्र माझा चेहरा पाहून बाजारात चक्कर मारून यायला सुचवलं.

जुन्या बाजारात रसूलभाईंचं दुकान आहे. पुढे भाड्याच्या सायकली, मागे भाड्याच्या कादंबऱ्या. सायकल तासावर आणि कादंबरी दिवसावर. पंक्चर काढता काढता रसूलभाई गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघून त्याला सामाजिक पाहिजे की ऐतिहासिक ते ओळखतात. माझ्या सदऱ्याकडे बघून ते म्हणाले, "साहेब, तुमाला मकरंद देतो. पन एक करा, तिसावं पान आलं की डोळे मिटून पलटा."

"का बरं?"

"म्हंजे मजा जात न्हाई."

मी माझंच एक पुस्तक उघडलं. तिसाव्या पानावर, समासात, पेन्सिलीने, गोल टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: "खुनी – भाचा." खुनी भाचाच होता. दुसरं पुस्तक काढलं. "खुनी – डॉक्टर." बरोबर. तिसरं, चौथं, पाचवं. सगळी बरोबर. गेल्या दिवाळीतलं माझं सर्वांत अभेद्य पुस्तक, ज्याच्या शेवटी मी स्वतः थक्क झालो होतो, त्याच्या तिसाव्या पानावर होतं: "खुनी – मुनीम. लईच सोपं."

माझे कान तापले. खोडरबर मागितलं तर रसूलभाई हसले. "खोडू नका. कैक गिऱ्हाइकं आधी तिसावं पान बगतात, मग पुस्तक न्यायचं का न्हाई ते ठरवतात."

"पण हे लिहितं कोण?"

"शिंगणापूरच्या गयाबाई. त्यांची लेक दिलीय भिंगारात. त्यांचे मालक, किसनअण्णा, लेकीकडं आले की गठ्ठा नेतात नि जुना परत आनतात. आजच आलेत. उद्या सकाळी माघारी." मग आवाज उतरवून रसूलभाई म्हणाले, "या टायमाला बाईंनी निरोप धाडलाय. मकरंद बास झाला, दुसरा कुनी असंल तर द्या."

तात्यासाहेब बोलले तेव्हा मला राग आला होता. हे ऐकून वाईट वाटलं. प्रकाशक काय, कागदाचा भाव बघून बोलतो. पण इतकी पुस्तकं मन लावून वाचणारी बाई मला सोडून चालली होती आणि तिला मी ओळखतही नव्हतो. मी वसंताला सांगितलं, "उद्या शिंगणापूरला दर्शनाला जातो." मी आळीतल्या मारुतीलाही जात नाही हे वसंताला माहीत आहे. त्याने फक्त वहिनींकडे बघितलं.

सकाळी माळीवाड्याच्या स्टँडवर किसनअण्णा भेटले. उंच, बारीक, डोक्यावर कादंबऱ्यांचा गठ्ठा. मी पुस्तकं विकतो आणि शांत जागी चार दिवस काढायचे आहेत, असं मी ठोकून दिलं. अण्णा म्हणाले, "मग आमच्याकडंच चला. बाईला तेवढाच बोलायला मानूस." इमामपूरचा घाट चढून गाडी सपाटीला लागली तेव्हा दोन्ही अंगांना जोंधळा (ज्वारी) उभा होता, कणसं नुकती भरलेली. मागची दुष्काळाची सालं लोकांनी याच रस्त्यावर खडी फोडून काढली होती. अण्णा खिडकीतून रस्त्याखालच्या एका मोरीकडे बोट दाखवत म्हणाले, "ह्या मोरीची खडी आमची. आमी दोगं फोडत हुतो. दुपारच्या सुट्टीत बाई वाचायची, बाया आयकायच्या. मुकादम बी यिऊन बसायचा."

"काय वाचायच्या?"

"मकरंद. दुसरं काय."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. कादंबरी लिहिताना मी डोळ्यांपुढे आरामखुर्चीतला वाचक ठेवायचो. मोरीच्या खडीवर बसलेला वाचक मला कधी सुचलाच नव्हता, आणि तो असा भेटल्याचं मला फार बरंही वाटलं आणि फार ओशाळंही.

घोडेगावला उतरलो. पुढे गावातल्या एकाच्या बैलगाडीत ट्रंक टाकली आणि शिंगणापुरात आलो. या गावाच्या घरांना दारं नसतात, हे मी ऐकून होतो. पण ऐकणं वेगळं आणि समोर उभं राहणं वेगळं. चौकटी आहेत, उंबरे आहेत, कुठे पडदा, कुठे कुत्रं शिरू नये म्हणून टेकवलेली फळी. दार मात्र नाही. अण्णा बैल सोडायला गाडीवाल्याबरोबर थांबले आणि मी एकटाच त्यांच्या घरापुढे. थाप मारायची तर कशावर? मी खाकरलो. आतून कोंबडी ओरडली. पुन्हा खाकरलो.

"पडसं झालंय का? आत या की!"

गयाबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, एका हातात उलथनं आणि काखेत कादंबरी. त्यांचे वडील शाळामास्तर होते आणि सासरी येताना भांड्यांच्या जोडीने चार पुस्तकं घेऊन आल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. त्यांनी आधी माझ्या ट्रंकेकडे पाहिलं.

"ह्याच्यात काय हाय?"

"पुस्तकं. विकायला आणली आहेत."

"मग कुलूप कशाला?"

तोवर शेजारपाजारची चार माणसं उंबऱ्याशी जमली होती. दार नसलं की बातमीलाही अडसर नसतो. सगळे कुलपाकडे असे बघत होते की मीच संकोचलो. मागून आलेले अण्णा हळूच म्हणाले, "पाव्हणं, आमच्यात कुलूप लावत न्हाईत. पेटीला सुदिक न्हाई. देव राखनारा हाय. तुमी कुलूप लावलं तर आमचा इश्वास न्हाई असं हुतं."

मी गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि किल्लीसकट देवळीत (भिंतीतल्या कोनाड्यात) ठेवलं. इतक्या लोकांपुढे सदरा काढल्यासारखं वाटलं. गयाबाईंची नजर आता त्या सदऱ्यावरच होती.

"पुस्तकं इकनाऱ्याच्या अंगावर पुस्तकाची धूळ असती," त्या म्हणाल्या. "एवढी शाई लिवनाऱ्याच्या अंगावर. आनि लिवनारा हितं कशाला यील? रसूलभाईनं पान दावलं असनार." त्यांनी उलथनं माझ्यावर रोखलं. "मकरंदवाले का तुमी?"

मी मान हलवली. मकरंदलाही एवढ्या लवकर कोणी पकडलं नव्हतं.

"मला वाटलं म्हातारे असाल," त्या म्हणाल्या आणि पिठलं ढवळायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार. अण्णांनी मला पहाटे विहिरीवर नेऊन थंडगार पाण्याने न्हाऊ घातलं, ओलेत्यानेच देवाला नेलं. उघड्या आभाळाखाली काळा पाषाण, त्याच्यावर तेल. शनीकडे सहसा कोणी काही मागत नाही; आमच्याकडे बघू नकोस, एवढंच म्हणतात. दात वाजत असताना मी मात्र म्हणालो, "शेवट सुचू दे." देवालाही अशी मागणी नवीन असावी.

दुपार कलल्यावर सगळे मळ्यात हुरडा खायला गेलो. आगटी (हुरडा भाजायचा खड्डा) पेटली होती. अण्णा कणसं भाजून हातावर चोळत होते आणि गरम कोवळे दाणे समोर येत होते. जोडीला लसणाची चटणी, दही, गूळ. भावकीतली पाचसात माणसं होती. गयाबाईंनी पदराला हात पुसले. "आना तुमचा नवा. वाचून दावते."

मी जरा आढेवेढे घेतले आणि हस्तलिखित दिलं. लेखकाला स्वतःचं लिखाण दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याइतकी शिक्षा नाही. मी ज्या वाक्यांवर रात्री घालवल्या होत्या तिथे लोक कणीस मागत होते, आणि जे सहज लिहिलं होतं तिथे गप्प बसत होते. प्रेमाचा निळा प्रवेश गयाबाईंनी "हे असू द्या" म्हणत पलटलाच. सावकार मेला. खोलीला बाहेरून कुलूप. किल्ली सावकाराच्याच कमरेला. सगळे सावरून बसले आणि मला धीर आला. तिसावं पान आलं. गयाबाई थांबल्या, चष्मा वर केला.

"कुलूप कुनी आनलं?"

"कोणतं?" मी विचारलं.

"वखारीचं. मागं वाचलं की आपन. नगरच्या बाजारातून नवं कुलूप कुनी आनलं?"

"सुधाकरनं," एक म्हातारा आगटीपलीकडून बोलला. "पुतन्यानं."

"मग सुदाकर," गयाबाई म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा हुरड्याकडे वळले.

खुनी सुधाकरच होता. माझ्या तोंडातला घास तोंडात राहिला. "पण कशावरून? त्याच्यावर तर अजून कोणाला संशयही नाही!"

"भाऊ, आमच्या गावात कुलूप न्हाई. म्हून गोष्टीत कुलूप आलं का आमाला ते पायात काटा लागल्यावानी लागतं. आमी पयलं इचारतो, हे कुनी आनलं? आनि तुमचा खुनी दर टायमाला सवताच कुलूप घिऊन येतो."

मी मनातल्या मनात सगळी पुस्तकं उलगडली. भाच्याने तिजोरीला नवं कुलूप बसवलं होतं. डॉक्टरने औषधाच्या कपाटाला. मुनिमाने गोदामाला. इतकी वर्षं मी खून, विष, वेषांतर बदलत बसलो आणि दर खेपेला खुन्याच्या हातात कुलूप देऊन त्याला गावभर फिरवलं. शहरातल्या वाचकाला ते खटकलं नाही. त्याच्या घरात पावलोपावली कुलपं. खुनी आपल्याला आधीच का कळतो हे त्याला सांगता येत नव्हतं, एवढंच. मला रडावं की हसावं कळेना. मी हसलो, कारण अण्णा आधीच हसत होते.

"मग जाऊ द्या," मी म्हणालो. "तुम्ही तर मकरंद सोडलाच आहे."

गयाबाई एकदम गंभीर झाल्या. "सोडला, कारन चुकायला मिळत न्हाई. मला काय बरोबर सांगायची हौस हाय व्हय? पेन्सिल घिऊन बसते तवा रोज वाटतं, आज तरी चुकीन. येक डाव फसवा की मला! लई वर्सं झाली कुनी फसवलं न्हाई."

हे मला तात्यासाहेबांच्या धमकीपेक्षा जास्त लागलं. गयाबाईंना माझ्याकडून काय हवं होतं, ते त्यांनी भीक मागावी तसं नाही, हक्काने मागितलं होतं, आणि तेवढंच माझं काम होतं. मी म्हणालो, "फसवतो. इथेच बसून लिहितो. पण तुम्ही मधे बघायचं नाही."

"न्हाई बघनार."

लिहायला बसलो ओसरीवर. बिनदाराच्या घरात लिहिणं म्हणजे बाजारात दाढी करण्यासारखं आहे. येणारा जाणारा उंबऱ्यावरून विचारायचा, "मेला का अजून कुनी?" एका आजोबांनी सावकाराला कोणत्या विहिरीत ढकलावं याचा सल्ला दिला. शेळीने माझा टीपकागद खाल्ला. आणि मी उठलो की कागद तसेच देवळीत, उघडे. गयाबाई दिवसातून दहादा त्या देवळीवरून जायच्या. चष्मा लावून.

माझा स्वभाव धंद्याने नासलेला. त्यांनी शब्द दिला होता, पण मी पंधरवड्यातून एकदा तरी शब्द मोडणारी माणसं लिहितो. गठ्ठ्याच्या वरच्या कागदावर, बरोबर मधोमध, मी जोंधळ्याचा एक दाणा ठेवला. कागद हलला की दाणा पडणार. ही मकरंदची आवडती युक्ती. मळ्यातून परत आलो तर दाणा गायब! माझ्या मनात नको ते आलं. वर आपण पकडल्याचा एक हलकट आनंदही झाला. दुसरा दाणा ठेवला. तोही गायब. तिसरा ठेवला आणि चौकटीआड उभा राहिलो. गयाबाई आल्या, देवळीकडे बघितलंही नाही, घागर घेऊन गेल्या. मग उंबरा ओलांडून कोंबडी आली, टुणकन देवळीत चढली, दाणा खाल्ला आणि पुढच्याची वाट बघत माझ्या सावकारावर बसली.

"दाने ठिवू नका," गयाबाई परसातून म्हणाल्या. "कोंबडीला चटक लागंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्हाला कळलं होतं?"

"कोंबडी दोन दिस झालं तिथंच का चढती, एवढं कळंना व्हय मला?" त्या ओट्यावर टेकल्या. रागावल्या नव्हत्या. "भाऊ, मी चोरून वाचलं आस्तं तर नुसकान कुनाचं? मजा माझीच गेली आस्ती का न्हाई?"

आमच्या घरी बायको प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचते. मी उलटा वाचतो. तात्यासाहेब फक्त सुरुवात वाचतात. आणि इथे एक बाई हाताच्या अंतरावर उघडा पडलेला शेवट केवळ पुढच्या आनंदासाठी न बघता राहत होती. मला तिचा हेवा वाटला.

त्या संध्याकाळी कोंबडीला हुसकावून मी कागद काढले आणि ते गाव, ती माणसं बघत बसलो. अण्णांच्या घरात दिवसभरात कोण कोण येऊन गेलं? कोणीही. विस्तवाला शेजारीण, ताकाला म्हातारा, काही कारण नसताना गाडीवाला. कोणी विचारलं नाही, कोणी लपलं नाही. बंद खोलीत जो शिरला तो किल्लीवाला, हे उघड आहे. पण उघड्या घरात? तिथे सगळेच शिरले आणि सगळ्यांना शिरायचा हक्क आहे. मी सुधाकरच्या हातातलं कुलूप काढून घेतलं. वखार पाडली. सावकाराला बिनदाराच्या घरात आणून निजवलं आणि गावाला त्याच्या अंगणातून जाऊ येऊ दिलं. मकरंद बिचारा पहिल्यांदाच गोंधळला, घामाघूम झाला, त्याला भूकसुद्धा लागली. निळी शाई सांडलेली, त्यामुळे सगळं काळ्याने लिहिलं. खुनी कोण, ते इथे सांगणार नाही. पुस्तक विकायचं आहे.

निघालो तेव्हा गयाबाईंनी दशम्या बांधून दिल्या. "झालं लिवून?" विचारलं, पण खुनी कोण ते विचारलं नाही. एवढं सांगितलं, "छापून आलं का रसूलभाईकडं धाडा. मी पेन्सिलीला टोक करून ठिवते." गडबडीत कुलूप देवळीतच राहिलं. ट्रंक उघडी पुण्याला आली. एसटीत मी कोणावर नजर ठेवली नाही आणि कोणी काही नेलं नाही. नेण्यासारखं एकच होतं, आणि त्याची किंमत एसटीत कोणाला ठाऊक नव्हती.

तात्यासाहेबांना मी शेवटचं प्रकरण मागे ठेवून बाकीचं दिलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः जिना चढून आले, धापा टाकत. "सून ना?" म्हणाले. मी गप्प. "सरपंच?" मी गप्प. मग चिडले, "अहो, सांगा ना!" तेव्हा खिशातून प्रकरण काढून दिलं. मकरंद माझ्याकडेच राहिला. टंकयंत्रवाल्याला त्यांनी ऐतिहासिक लिहायला सांगितलं आहे.

पण माझी परीक्षा तात्यासाहेबांच्या जिन्यावर नव्हतीच. पुस्तक बाहेर पडलं, त्यानंतर काही आठवडे गेले आणि मला राहवेना. वसंताला न कळवताच भिंगारला गेलो. रसूलभाई सायकलीच्या चाकात हवा भरत होते. मला बघून पंप तसाच सोडला, आत गेले आणि दोन वस्तू आणून समोर ठेवल्या. एक फडक्यात बांधलेलं पितळी कुलूप, किल्लीसकट. "बाईंनी धाडलंय. म्हनाल्या, देवळीत तसंच हुतं, कुनी हात लावला न्हाई, पन कोंबडीला अडचन हुती."

दुसरी वस्तू म्हणजे माझं नवं पुस्तक. तिसावं पान काढलं. समासात तीच गोल अक्षरं. "खुनी – सून." त्यावर रेघ. खाली "खुनी – सरपंच." त्यावर रेघ. त्याखाली "मकरंद सोताच?" त्याच्यावर तर दोन रेघा, इतक्या दाबून की कागद फाटला होता. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात:

"न्हाई सापडत. फुडं वाचते."

दोन कोऱ्या प्रती देऊन ती एक प्रत मी रसूलभाईंकडून मागून घेतली. ते कुरकुरले, कारण गिऱ्हाइकं आता ते पान बघायला येत होती. परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो. कुलूप झोळीत होतं. त्याची किल्ली पुढे कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही आणि मी शोधलेलीही नाही. घोडनदीचा पूल येईपर्यंत पुस्तक मांडीवर तसंच होतं. मग सवयीने शेवटचं पान उघडलं, आणि लाज वाटून मिटलं. किती वर्षांनी कोण जाणे, पण एक पुस्तक मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. शेवट मला पाठ होता. तरीही तिसाव्या पानाशी थांबलो, तळाची ओळ वाचली आणि गयाबाईंच्या मागोमाग पुढे वाचू लागलो.